ठोकळ्यांवरची गाडी

खरं सांगायचं तर ह्या सदरातले अनुभव मी चुका काढायला वाचतो. जन्मभर हायस्कूलात शास्त्र शिकवलं, त्यामुळे खोडच लागली आहे. कुणाला पांढरं काही दिसलं की मी म्हणतो धुकं असेल. माळ्यावर पावलं वाजली की म्हणतो घूस असेल. बायको म्हणते, तुमच्यापुढे भूत आलं तरी ओशाळून परत जाईल. तर असा माणूस हे लिहितोय, एवढं ध्यानात ठेवून वाचा. ह्यात कुणाला चूक सापडली तर जरूर कळवा... मी स्वतः ती कधीपासून शोधतोय.

गोष्ट जळगावची, महायुद्धाच्या काळातली. आमचं घर तेव्हा गावाबाहेर, एरंडोलकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. कापसाचा एक हंगाम बरा गेला तेव्हा आबांनी — माझ्या वडिलांनी — हौसेनं एक जुनी विलायती मोटार घेतली. काळी, कापडी टपाची. त्यांना स्वतःला चालवता येत नव्हती, म्हणून मी शिकलो. थोडे दिवस मिरवलो, मग युद्ध आलं, पेट्रोलला कूपनं आली आणि गाडी गोठ्याशेजारच्या खणात जाऊन बसली.

वापरात नसलेली गाडी वापरातल्या गाडीपेक्षा लवकर खराब होते, हे लोकांना पटत नाही. मला पटलं होतं. मी तिची चाकं काढली, टायरांना शंखजिऱ्याची पूड चोळली, गोणपाटात गुंडाळून ती धान्याच्या खोलीत अंधारात ठेवली. गाडी बाभळीच्या चार ठोकळ्यांवर. रेडिएटरमधलं पाणी काढलेलं, टाकी रिकामी, कूपनांवर साठवलेलं पेट्रोल डब्यांत वेगळं. उंदरांसाठी सीटखाली वेखंडाच्या पुरचुंड्या. दर रविवारी प्लग काढून आत थोडं ऑइल सोडायचं आणि गाडीच्या नाकाशी असलेलं हँडल फिरवायचं, म्हणजे पिस्टन चिकटून बसत नाहीत. गाडीचं तोंड आत, भिंतीकडे होतं. त्यामुळे हँडलापाशी पोचायला मला दर वेळी गाडी आणि भिंतीच्या मधून अंग चोरून जावं लागे. खण इतका अरुंद, की गाडी आतल्या आत वळवणं तर सोडाच, तिची दोन्ही बाजूंची दारंसुद्धा एकदम उघडत नसत. एवढं नीट लक्षात घ्या.

माझी धाकटी बहीण मंजुळा. तिला एरंडोलच्या पुढे, पद्मालयाच्या वाटेवरच्या एका खेड्यात दिली होती. गाडी ठोकळ्यांवर चढायच्या आधीच्या दिवाळीला आबा आणि मी तिला आणायला गाडीनं गेलो. दारात मोटार, भोवती सगळं गाव. तिचे सासरे तात्या सगळ्यांदेखत म्हणाले, "व्याही पोरले लेवाले उनात, का मोटार दखाडाले?" पोरीला न्यायला आलात की मोटार मिरवायला, ह्यावर लोक खो खो हसले. आबा हसले नाहीत. घरी आल्यावर पागोटं खुंटीला लावता लावता म्हणाले, "आता त्यांचा निरोप आल्याशिवाय माझी गाडी त्या दारात जाणार नाही."

पुढे मंजूला दिवस गेले. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे तिला दोन्ही कारणांनी यायचंच होतं आणि मुराळी म्हणून तिला आणायला जाणार मी. पण आबा निरोपाची वाट बघत बसले. तिकडे तात्या म्हणत होते — हे मागाहून कळलं — की बाप न्यायला आल्याशिवाय पोर धाडायची कशी? आखाजी आली आणि गेली. गावात झोक्यांवर गाणी चालली होती आणि माय, म्हणजे माझी आई, दार लोटून आत बसलेली. "मन्ही पोर वाट दखी राहयनी व्हई," एवढंच म्हणायची. मला तर दोन्ही म्हाताऱ्यांचा असा संताप यायचा की काय सांगू.

आखाजीनंतरच्या रविवारी मी नेहमीसारखं हँडल फिरवलं, प्लग बसवले आणि बाहेर आलो. मागोमाग मायनं खण शेणानं सारवून काढला. मांजर गेलं तरी पाऊल उमटावं असं ओलं सारवण. दुपारी झळा सुरू झाल्या, सगळं घर आडवं झालं. चहाच्या वेळेला ऑइलचा डबा आत राहिल्याचं आठवलं म्हणून मी दार उघडलं... समोर गाडीचे दोन दिवे.

क्षणभर मला काही वावगं वाटलंच नाही. गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे दिवेच येतात ना! मग एकदम ध्यानात आलं. गाडीचं तोंड बाहेर होतं. ठोकळे जागच्या जागी, गाडी त्यांवर नीट बसलेली, चाकं नाहीतच. आणि खाली सुकत आलेलं सारवण — कुठे पाऊल नाही, ओरखडा नाही, मायच्या बोटांच्या कमानी जशाच्या तशा.

मी हाक मारली. माय आली, बघितलं, घाबरली वगैरे अजिबात नाही. ओसरीवरच्या आबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "गाडीनं तोंड कथा शे, दखा जरा." गाडीचं तोंड कुठे, तर एरंडोलच्या रस्त्याकडे. आबा जागचे उठले नाहीत.

मी म्हटलं, कुणीतरी चेष्टा केली. कापसाच्या जिनिंगमधले हमाल बोलावले. चाकं लावली, गाडी बाहेर ढकलली, वळवली, आत घातली, पुन्हा चाकं काढून ठोकळ्यांवर चढवली. सगळ्यांच्या पाठी मोडल्या, आरडाओरडा तर एवढा की शेजारचे बघायला आले. मुकादम घाम पुसत म्हणाला, "मास्तर, हाई काम चुपचाप व्हनारं नही." ते मलाही दिसत होतं. मी दाराला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली.

त्याच आठवड्यात, पुन्हा भर दुपारी, पुन्हा तेच. कुलूप तसंच, किल्ली माझ्या कमरेला. ह्या वेळी मी गाडी तशीच राहू दिली.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. वर्गात उष्णतेचे नियम सांगता सांगता मध्येच थांबायचो. जेवताना उठून खणात डोकावून यायचो. तोंड बाहेर दिसलं तरी धडधड, आणि समजा पुन्हा आत दिसलं असतं तरी धडधडच! आबा खणाकडे फिरकत नव्हते, पण ओसरीवर त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. मायनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. घरात तिघं माणसं, आणि कुणी कुणाकडे बघेना.

एका सकाळी मायनं धान्याच्या खोलीतून एक चाक स्वतः घरंगळत आणलं आणि अंगणात माझ्यापुढे आडवं टाकलं. "लाव," म्हणाली. मी आबांकडे बघितलं.

"मी येणार नाही," आबा म्हणाले. मी चाकं लावीपर्यंत ते खांबाला टेकून उभे होते. डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं तेव्हा हळूच म्हणाले, "रेडिएटर नीट भर. गिरणा नदीच्या चढावर तापते ती."

गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. इतके महिने उभी असलेली गाडी! एरवी मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

मंजूच्या सासरी दारासमोर रस्त्यापलीकडे मोठा निंब आहे. त्याच्या सावलीत गाडी लावून मी उतरलो, तर विहीणबाई दारातच उभ्या, कमरेवर हात.

"इतला दिन निंबखाले गाडी उभी, आनि आज उतरनात का? घरमा येवाले काय व्हयनं व्हतं?"

मी म्हटलं, आत्ताच तर येतोय. तेवढ्यात तात्या बाहेर आले. तात्या रागावले की शुद्ध बोलतात. "मास्तर, रोज दुपारी गाडी इथं येऊन उभी राहते आणि कुणी न उतरता निघून जाते. उतरलेल्या पाहुण्याला आम्ही पाणी देतो. गाडीत फुगून बसलेल्याला हात धरून आणायची आमच्याकडे रीत नाही."

मी खुळ्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिलो. दुसऱ्या कुणाची गाडी असेल म्हटलं, तर त्यांनी आमच्या गाडीचा नंबर घडाघडा सांगितला. मी विचारलं, तिला चाकं होती का? तात्यांनी निंबाखालच्या गाडीकडे एकदा बघितलं. "चाकांकडे कोण बघतं?" म्हणाले.

आणि मग मंजू दारात आली आणि मी गाडीबिडी सगळं विसरलो. तिचा चेहरा सुजून ओळखू येईना. पाय खांबासारखे झालेले. भिंत चाचपत येत होती, म्हणाली, "दादा, डोळ्यांपुढे अंधारी येते रे." पहिलटकरणीचे पाय सुजतातच, अशी घरात सगळ्यांची समजूत. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. तिला मागच्या सीटवर आडवं केलं, विहीणबाई आपणहून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, आणि आम्ही निघालो. दिवाळीला टोमणा मारणारे तात्या गाडीबरोबर गावाच्या वेशीपर्यंत धावत आले.

जळगावच्या डॉक्टरांनी तिला बघितलं आणि आधी आम्हालाच झापलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर झटके येऊन आई आणि मूल दोघंही हातची गेली असती, म्हणाले. बरेच दिवस तिला अंधाऱ्या खोलीत, आळणी खाण्यावर ठेवलं. आम्ही सगळे नुसते टांगणीला लागलेले. शेवटी मुलगी झाली. लहानशी, पण रडली खणखणीत. मंजूही वाचली.

गाडी मी पुन्हा ठोकळ्यांवर चढवली, तोंड भिंतीकडे करून. पुढे ती विकेपर्यंत कधीही वळली नाही.

मी माझ्या परीनं सगळं तपासून बघितलं. खणाच्या भिंती ठोकून पाहिल्या, ठोकळे मोजले, हमालांना पुन्हा पुन्हा विचारलं. एरंडोलला जाऊन दुसरी कुठली तशी गाडी येत होती का, ह्याची चौकशी केली. नव्हती. त्या गावात गाडी बघितलेली माणसं एकदोन नव्हती, अख्खी आळी होती.

बाळ थोडं मोठं झाल्यावर एका सकाळी मंजू ओसरीवर त्याला न्हाऊ घालत होती. आबा शेजारी टॉवेल घेऊन बसलेले. न राहवून मी तिला विचारलं, "गाडी तुलाही दिसायची?"

"रोज. खिडकीतून."

"आत कोण असायचं? मी?"

मंजूनं आबांकडे बघितलं. "आबा. पुढे बसलेले, पागोटं घालून. मी हात केला तरी बघायचे नाहीत. मला वाटलं, माझ्यावरही रागावलेत."

मी हसून काहीतरी बोलणार होतो. पण आबा खाली बघत होते. टॉवेलाची घडी घालत होते, मोडत होते.

"त्या दिवसांत दुपारी डोळा लागला की मी निघायचो," ते म्हणाले. "रोज. गिरणा ओलांडून, एरंडोल मागे टाकून... निंबापाशी पोचायचो. घर समोर दिसायचं. पण पाय उतरायला तयार होत नव्हते."

मंजूनं बाळाच्या अंगावर तांब्यानं पाणी सोडलं.

"हाक तरी मारायची, आबा," ती म्हणाली. "मी आपली आले असते चालत."

आबांनी टॉवेल तोंडाला लावला. त्यांना मी रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. बाकीच्या सगळ्यातली चूक मी आजही शोधतोय.