गगनभीमाचा दुसरा भाग

आमच्या दुकानातल्या पांढऱ्या गादीवर कुणी चपला घालून चढत नाही. चिकपेटेच्या कापडबाजारात हे कुणाला शिकवावं लागत नाही. लग्नाच्या साड्या घ्यायला खेड्यातून पहिल्यांदाच आलेली बाईसुद्धा पायरीशी चपला काढते. त्या दिवशी रुक्माक्का चपलांसकट आत आली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच मला कळलं. "शंकर गेला रे," ती म्हणाली, "सकाळी कॉफी घेऊन गेले तर..." मी हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला आणि गिऱ्हाईक तसंच सोडून तिच्याबरोबर निघालो.

शंकर आमच्याच गल्लीतला, माझ्याहून थोडा लहान, म्हणून मला अण्णा म्हणायचा. रुक्माक्का त्याची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी आली आणि तिनंच त्याचं घर सांभाळलं. कापडाच्या ताग्यांवर जी रंगीत लेबलं चिकटवतात, ती शंकर काढायचा. मोर, हत्ती, कमळात बसलेली लक्ष्मी. त्याची एक खोड होती. डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्याला काहीच काढता येत नसे. मोर हवा असेल तर कुठे मोर आहे तिथं जाऊन बसायचा आणि मगच कुंचला उचलायचा. लक्ष्मी कुठून आणणार? म्हणून लक्ष्मीच्या जागी अक्का. तिच्या नकळत तिचा चेहरा अंगभर दागिने घालून सगळ्या चिकपेटेत ताग्यांवर बसलेला असायचा. मी एकदा तिला एक तागा दाखवला तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नथ बरी दिसते हं मला." शंकर मान खाली घालून रंग कालवत राहिला.

गोऱ्यांच्या जुन्या लष्करी छावणीतल्या, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तेव्हा इंग्रजी चित्रपुस्तकं मिळायची. अंगाला चिकटलेले कपडे घालून आकाशात उडणारे, मोटारी उचलून फेकणारे गोरे वीर. आमच्या पेटेतला एक छापखानेवाला मुलांसाठी कन्नड मासिक काढत असे. त्याच्या डोक्यात आलं की आपलाही असा एक वीर असावा. त्यानं शंकरला विचारलं. शंकरनं मला विचारलं नाही, हुकूम सोडला. "अण्णा, उद्या दुकान उघडायच्या आधी ये. लंगोट घालून ये."

मी तेव्हा तालमीत जात होतो. नाव बरं होतं माझं. शंकरच्या खोलीत खिडकीपाशी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर त्यानं मला चढवलं. आमच्याच दुकानातला लाल कापडाचा एक तुकडा गळ्याला बांधला आणि दोन्ही हात वर करायला सांगितले. "स्वल्प मान डावीकडे. हलू नको अण्णा." एवढा बारका माणूस, पण हातात कुंचला आला की आमच्या वस्तादापेक्षा कडक. पिंडऱ्यांत गोळे आले तरी मी खाली यायचं नाही. त्याचं मन भरलं की कुंचला पाण्यात बुडवून तो म्हणायचा, "सरी, उतर." सरी म्हणजे झालं, ठीक. ते दोन शब्द ऐकायला कान आसुसलेले असायचे. अक्का दारातून कॉफी आणायची आणि लंगोटातला मी दिसलो की पेला उंबऱ्यावर ठेवून पळायची.

गगनभीमाचा पहिला भाग आला आणि मुलांनी तो उचलून धरला. शेवटच्या चित्रात एका गिरणीचं छप्पर कोसळत असतं, खाली कामगार अडकलेले, आणि गगनभीम दोन्ही हातांवर ते छप्पर तोलून उभा. पुढं काय झालं ते पुढच्या अंकात. गल्लीतली पोरं मला बघून दोन्ही हात वर करू लागली. मीही छाती काढून चालायला लागलो, खोटं कशाला बोलू? छापखान्याच्या मालकानं शंकरला शब्द दिला. दुसरा भाग असाच चालला तर दर महिन्याला गगनभीम, कायमची नोकरी, लेबलं बंद. शंकर एका रविवारी मला आणि अक्काला तिकडे नव्यानं वसणाऱ्या जयनगरात घेऊन गेला. एका अर्धवट बांधलेल्या घरासमोर उभा राहून म्हणाला, "उत्तरेकडे खिडकी आहे बघ. दिवसभर एकसारखा उजेड." अक्का मागच्या अंगणात मोगरा कुठं लावायचा ते बघून आली. इतक्या आनंदात मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आणि त्याच महिन्यात एका कुस्तीत माझा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पट्ट्या बांधल्या, तेल चोळलं. शंकर रोज विचारपूस करायला यायचा, पण त्याची नजर माझ्या तोंडाकडे नसे, खांद्याकडे असे. पुढचा अंक गगनभीमाविना निघाला. मालक चिडला. मी शंकरला म्हणालो, "दुसरा कुणी उभा कर. तालमीत पोरांना काय तोटा?"

"छपराखाली तू उभा आहेस अण्णा. मधेच दुसरा कसा येईल?"

"अरे, चित्र आहे ते!"

"म्हणून काय झालं?"

"मग पहिल्या भागातलं बघून काढ."

"ते होऊन गेलं. मला त्याच्या पुढचं काढायचंय."

याला काय म्हणायचं? मी वैतागलो. पट्ट्या सुटल्यावर पुन्हा त्या स्टुलावर चढलो. लाल कापड बांधलं. डावा हात वर गेला, उजवा छातीपर्यंत आला आणि अडला. शंकर कुंचला धरून थांबला. "स्वल्प अजून..." मी दातओठ खाऊन जोर लावला. डोळ्यांत पाणी आलं. "नाही जात रे," मी म्हणालो. मग त्यानं मला तसंच उभं ठेवलं आणि काढायला लागला.

दुसरा भाग आला. त्यात गगनभीम छप्पर फेकत नाही. छपराखाली वाकत वाकत जातो, शेवटचा कामगार बाहेर पडेपर्यंत कसाबसा टिकतो, आणि मग ते ओझं एका खांद्यावरून हळूच जमिनीवर ठेवतो. शेवटच्या चित्रात तो गिरणीच्या पायरीवर बसलाय, लाल कापड मांडीवर गोळा केलंय आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघतोय. चित्रं वाईट होती असं मी म्हणणार नाही. पण मुलांना ती काय करायचीत? त्यांनी दोन महिने वाट पाहिली होती ती छप्पर आभाळात भिरकावलेलं बघायला. "मामा, फेकलं का नाही?" गल्लीतल्या एकानं मला विचारलं. मालकानं शंकरला एवढंच विचारलं, "हा गगनभीम काय आजारी आहे?" तिसरा भाग निघालाच नाही. म्हणजे गगनभीम अजून त्या पायरीवरच बसलाय.

शंकर पुन्हा लेबलांकडे वळला, पण माणूस म्हणून एकही काढला नाही. व्यापारी लक्ष्मी मागायचे, हा नुसतं कमळ काढून द्यायचा. रिकामं. "माणसं मला जमत नाहीत अण्णा," एकदाच म्हणाला. अक्कानं जयनगरचं नाव पुन्हा काढलं नाही. मी तालीम सोडली, दुकानात वरच्या फळीवरचे तागे दुसरे काढतात. आम्ही रोज भेटायचो, पावसापाण्याचं, भाववाढीचं बोलायचो, आणि त्या स्टुलाकडे दोघंही बघत नसू. अशी वर्षं गेली. मग त्याच्या छातीनं दगा दिला. शेवटच्या भेटीत तो उशीला टेकून बसला होता. मध्येच म्हणाला, "हात वर कर बघू." मी केला. छातीपर्यंत आला. एक डोळा बारीक करून, कामाला बसल्यासारखं त्यानं पाहिलं. "अजून तेवढाच," म्हणाला आणि भिंतीकडे वळला. त्या वळण्याचं मी काय करू, मला आजही कळत नाही. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

दिवसकार्य झाल्यावर अक्कानं निरोप पाठवला, ते स्टूल घेऊन जा, मला बघवत नाही. मी सकाळी गेलो. स्टूल खिडकीपाशीच होतं. लाल कापड खिळ्याला होतं, उन्हाकडची बाजू पार विटलेली. वाळलेला कुंचला पेल्यात उभा. मला काय झालं कोण जाणे... चपला काढल्या आणि चढलो. सुटलेल्या पोटाचा, पिकल्या केसांचा मी. मान स्वल्प डावीकडे केली. डावा हात वर गेला, उजवा छातीपाशी अडला, तो तसाच धरला. पिंडऱ्या थरथरायला लागल्या. आतून अक्का म्हणाली, "अरे, कॉफी निवतेय." मी ऐकलं, पण हललो नाही. उतर म्हणणारा तो होता, आणि त्यानं अजून म्हटलं नव्हतं.