पितळेच्या कारखान्यातला सहाना

अण्णाच्या मासिकाला पाच वर्षं पुरी झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आणि मला विधवा होऊन सात वर्षं झाली होती. सासरहून कुंभकोणमला परत आले ती एक पत्र्याची ट्रंक आणि माझी वीणा घेऊन. वीणेला खोळ घालून ती माळ्यावर चढवायची असं आईनं ठरवलं होतं. अण्णानं चढवू दिली नाही. "घरांत वाजवूं दे तिला," तो म्हणाला, "दार लावून वाजवील." सात वर्षं मी दार लावूनच वाजवत होते.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दिवसा हायस्कुलात शिकवायचा आणि संध्याकाळी मासिक काढायचा. घरात आम्ही मराठी बोलत असलो तरी मासिक तमिळ होतं. मुखपृष्ठावर देव नाही, सिनेमातली बाई नाही, कुठल्या पक्षाचं निशाण नाही, त्यामुळे ते कुणालाच आपलं वाटत नसे. कथा, कविता आणि संगीतावर लेख यायचे. मुद्रितं मी तपासायची. माझं नाव कुठेही छापलेलं नसायचं, ते मीच नको म्हटलं होतं.

पाचव्या वर्षाचा सोहळा भाषणांनी करायचा नाही, गाण्यानं करायचा, असं अण्णाच्या मनात आलं. तेही कुणी ऐकलं नसेल अशा गाण्यानं. तीन प्रयोग ठरले. एकात दोन मृदंग आणि भांडी घडवणाऱ्या तिघांचे हातोडे एकत्र वाजणार. दुसऱ्यात एक गवई शब्दांशिवाय, नुसत्या स्वरांवर तासभर गाणार. तिसरा प्रयोग वीणा आणि नागस्वराचा.

नागस्वर म्हणजे सनईच्या जातीचं, देवळाच्या गोपुरापासून नदीच्या घाटापर्यंत ऐकू जाणारं वाद्य. वीणा शेजारच्या खोलीतही धड पोचत नाही. दोन्ही एकाच चटईवर बसवणं म्हणजे हत्ती आणि मुंगीला एका गाडीला जुंपणं, असं लोक म्हणत. वीणा कोण वाजवणार ते अण्णानं मला विचारलं नाही. जेवताना आईसमोर सांगून टाकलं. आई पानावरून उठून गेली. मी मात्र भात संपवला. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

नागस्वर वाजवणारे वृद्ध जवळच्या पट्टीश्वरम गावचे होते. उभा जन्म देवळाच्या सेवेत गेलेला. आता सेवा पुतण्या करतो, असं ते म्हणायचे. मी त्यांना अय्या म्हणायची, ते मला अम्मा. चार महिने, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, ते आमच्याकडे सरावाला येत. त्यांच्या जातीचा माणूस आतल्या खोलीत बसतो म्हणून गल्लीत कुजबुज सुरू झाली. आई त्यांच्यासाठी कॉफीचा वेगळा पेला ठेवायची. तो पेला मोरीच्या कट्ट्यावर उपडा असायचा. अय्यांना ते दिसत असणारच. ते पेला ओठांपासून वर धरून कॉफी पीत, स्वतः विसळून पुन्हा तसाच उपडा ठेवत.

त्यांनी आणलेलं नागस्वर लांब आणि खालच्या स्वराचं होतं. अय्या ते इतकं हळू फुंकत की पहिल्या दिवशी मला वाटलं, ते नुसतं वाद्य तापवतायत. मग स्वर आला. जमिनीतून यावा तसा, बसलेल्या जागेतून.

"जोरानं फुंकणं सोपं असतं, अम्मा," ते म्हणाले. "छातीत असेल तेवढं सोडून द्यायचं. हळू फुंकायला सगळं आत धरून ठेवावं लागतं."

राग सहाना ठरला. ताल नाही, आधी बांधलेली कृती नाही. एकानं स्वरांचं वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि दुसऱ्यानं ते पुरं करायचं, एवढाच नियम. पहिला महिना मी फक्त चुकत होते. ते सोडत ते वाक्य मी मला शिकवलेल्या वाटेनं नेऊन संपवायची, आणि ते मान हलवायचे. "हे तुमच्या गुरूंचं झालं. तुमचं कुठाय?" असं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी मी एक वाक्य असं पुरं केलं की त्यांनी नागस्वर खाली ठेवलं. मग म्हणाले, "चला. आता दोघं आहोत."

ते विडा खायचे. मध्येच उठून परसात जायचे, थुंकून यायचे. विड्याचा लाल रंग आणि दुसरा लाल रंग यांत फरक असतो. मला तो एकदा दिसला होता. मी तो पाहिला नाही असं मी ठरवलं.

कार्यक्रमाला महिना असताना, अय्यांचा वार नसताना, एक बाई मागच्या दारी आली. पट्टीश्वरमहून चालत आली होती. पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीनं भरलेले. ती अय्यांची बायको होती. तिनं कमरेला खोचलेलं एक फडकं काढलं आणि उलगडून माझ्यासमोर धरलं.

"रोज असं होतं, अम्मा. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलंय, फुंकायचं नाही, अजिबात नाही. देवळाची सेवा त्याचसाठी सोडली. आणि इकडे येतात. मला म्हणतात, नुसतं शिकवायला जातो."

"तुम्ही त्यांना सांगा ना," मी म्हणाले.

"माझं ऐकतील का ते? तुमच्या भावाला सांगा. त्यांनी नको म्हटलं की हे थांबतील. मानी माणूस आहे, बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही."

"सांगते," मी म्हणाले.

तिनं फडकं घडी करून पुन्हा कमरेला खोचलं. मी पाणी दिलं, ते प्याली आणि गेली.

मी अण्णाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी सांगणार होते, तर तो हातोडेवाल्यांना भेटून खुशीत आला होता. दुसऱ्या दिवशी आई जवळ होती. तिसऱ्या दिवसापासून मी कारण शोधायचं सोडून दिलं. एकच दिवस, मी मनाशी म्हणायची, एकदाच वाजवतील, मग मीच त्यांना येऊ देणार नाही. सांगितलं असतं तर अण्णानं त्याच दिवशी प्रयोग रद्द केला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मग मी पुन्हा दार लावून बसले असते.

गावातल्या ज्या संगीत सभेनं आपलं सभागृह द्यायचं कबूल केलं होतं, तिनं आठवडा राहिला असताना नकार कळवला. विधवा बाई वीणा घेऊन व्यासपीठावर, आणि शेजारी तो वादक, हे त्यांना खपलं नाही. अण्णानं हातोडेवाल्यांच्या मालकाला गाठलं. भांड्यांच्या कारखान्याची पत्र्याची शेड रविवारी रिकामीच असे. आम्ही दोघांनी जाऊन ती झाडली. पितळेचा बारीक कीस केसांत बसला तो दोन दिवस निघत नव्हता.

रविवारी सकाळी साठेक माणसं आली. त्यांतली निम्मी तरी मजा बघायला आलेली. हातोड्यांच्या प्रयोगात कॉलेजातली काही मुलं मागून टाळ्यांनी ठेका चुकवत राहिली. हातोडेवाले बिचारे गोंधळले. आयुष्यभर ज्या हातानं घडे घडवले तो हात त्यांना सर्वांसमोर परका झाला. एकानं मध्येच हातोडा ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. नुसत्या स्वरांवर गाणाऱ्या गवयाला कुणी तरी ओरडून विचारलं, "पोट दुखतंय का?" शेड हसली. त्यानं डोळे मिटून तासभर गायलं आणि उठून सरळ स्टेशनवर गेला, जेवला नाही. अण्णा दारापाशी उभा होता. त्याचा चेहरा मी बघू शकले नाही.

चार वाजता आम्ही बसलो. पत्रा तापला होता. मी पांढरं लुगडं नेसले होते आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. मागून कुणी तरी माझ्याबद्दल काही तरी बोललं. अय्यांनी ऐकलं आणि पहिला स्वर लावला.

तो खालचा, दबलेला स्वर शेडभर पसरला आणि सगळे गप्प झाले. नागस्वर असं वाजतं हे तिथं कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी वाक्य सोडलं, मी पुरं केलं. मी सोडलं, त्यांनी उचललं. किती तरी वेळ मला लोक दिसले नाहीत. जे वाजत होतं ते आम्हा दोघांपैकी कुणाचं आहे हेही मला सांगता आलं नसतं.

मग त्यांची वाक्यं आखूड व्हायला लागली. आधी अर्ध्यावर सोडायचे, आता पाव करून सोडू लागले. ऐकणाऱ्यांना तो प्रयोगाचाच भाग वाटला; एक जण "वा!" म्हणाला. मी बाजूला पाहिलं. त्यांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या होत्या. मी वीणा थांबवायला हवी होती. मी त्यांची वाक्यं पुरी करत गेले, जास्त जास्त लांबवत गेले, त्यांना श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, चालू द्या म्हणून. चाळीस मिनिटं झाली असतील. शेवटी त्यांनी एकच स्वर लावला, तो थरथरला आणि तुटला. त्यांनी नागस्वर मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडाची फुंकायची पट्टी काढून धोतरानं पुसली. आणि मग चटईवर रक्त आलं.

पुढच्या रांगेतल्या एकाला वाटलं, विडा थुंकला. तो चिडून उठलासुद्धा.

घोड्याच्या जटक्यात घालून अण्णानं त्यांना सरकारी इस्पितळात नेलं. त्यांची बायको दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. आम्ही व्हरांड्यात होतो. अण्णाच्या हातात पेजेचं भांडं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अम्मा, तुम्ही भावाला सांगितलं होतं ना?"

मी म्हणाले, "सांगितलं होतं."

ती अण्णाकडे वळली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. काय, कशाचं, असं त्यानं विचारलं नाही. त्याला सगळं त्या क्षणात कळलं असावं. मग तो तिला म्हणाला, "होय."

तिनं त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि आत गेली.

घरी आल्यावर अंगणात पाय धुताना त्यानं विचारलं, "तुला केधवां कळलं होतं?"

"महिना झाला."

"बरं," तो म्हणाला. पाय पुसून म्हणाला, "आईस सांगूं नकोस."

अय्या नवव्या दिवशी गेले. शेवटचे काही दिवस ते शुद्धीवर होते आणि त्यांनी मला भेटायला बोलावलं होतं. मी गेले नाही. अंत्ययात्रेला आसपासच्या गावांतले नागस्वरवाले आले आणि वाजवत निघाले. अण्णा पट्टीश्वरमला गेला होता. नागस्वराच्या साथीला तविल, म्हणजे ढोल, वाजवणाऱ्या एकानं त्याला वाटेतच अडवलं. "आता काय छापायला आलात?" अण्णा तिथूनच मागं फिरला. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, त्याच्या शाळेतल्या शिपायाकडून कळलं.

वर्धापनाच्या अंकाची जुळणी छापखान्यात तयार होती. अण्णानं खिळे सोडवून ती मोडायला सांगितली. त्यानंतर अंक निघाला नाही. गावात बोललं गेलं की एका मासिकाच्या हौसेपायी यानं म्हातारा मारला. शाळेत मुलांनी फळ्यावर नागस्वराचं चित्र काढलं. तो ते पुसून शिकवायचा. मद्रासहून कुणा श्रोत्याचं पत्र आलं. तो त्या दिवशी शेडमध्ये होता. त्यानं लिहिलं होतं की असं वादन आपण जन्मात ऐकलं नाही. अण्णानं वाचून ते माझ्यापुढे सरकवलं. ते पत्र मी जपून ठेवलं. याची लाज वाटते, पण ठेवलंय हे खरं आहे.

तीन वर्षांनी आई गेली. तिचे दिवस झाल्यावर मी एकटी पट्टीश्वरमला गेले. अय्यांची बायको दारात सुपारी कातरत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, भावाला मी कधीच काही सांगितलं नव्हतं, तो त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोलला.

तिनं अडकित्ता खाली ठेवला. रागावेल, मारेल, असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तीन वर्षं मी रोज दिवा लावताना तुमच्या भावाला शाप दिले," ती म्हणाली. "त्यांचा वंश बुडो म्हणाले. हे आता मी कुठं नेऊन ठेवू?"

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बराच वेळ थांबले, मग बस धरून परत आले.

रात्री जेवताना अण्णाला सांगितलं. तो भाताचा घास हातात धरून बसला.

"कशास गेलीस?" तो म्हणाला. "तिला रागवायला कुणी तरी हवं होतं. मी होतों. आतां तिला तेंही नाही."

तो एकटाच राहिला, लग्न केलं नाही. त्यानं पुन्हा काही लिहिल्याचं मला ठाऊक नाही. मी पुढे गल्लीतल्या मुलींना वीणा शिकवू लागले, आता दार उघडं ठेवून. आई नव्हती आणि गल्लीलाही त्यात रस उरला नव्हता. मुली विचारतात, सहाना कधी शिकवणार. मी शिकवते. शिकवताना त्या चाळीस मिनिटांतली काही वाक्यं माझ्या हाताखालून निघतात आणि मुली ती उचलतात. त्या दिवशीचं सगळं घडायला नको होतं, असं म्हणायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ती चाळीस मिनिटं सोडून बाकीचं सगळं, एवढंच मला म्हणता येतं.