फकीरप्पाची मागची सीट

जुनी गाडी विकत घेऊन माझ्या गॅरेजात आलेला माणूस पहिल्यांदा काय मागणार, हे मी त्याच्या चपला बघून सांगतो. कॉलेजची पोरं सायलेन्सर मागतात. नोकरीवाला हॉर्न मागतो. टायर कुणीच मागत नाही. टायर गुळगुळीत झालेले असतात, ब्रेकमध्ये जीव नसतो, चेन सैल होऊन घासत असते, आणि हे शहाणे विचारतात, मेस्त्री, आवाज कसा वाढेल. चाळीस वर्षं मी एकच सांगत आलोय: आधी टायर, मग ब्रेक, मग चेन, मग शॉकअप. एवढं करून हौस उरली तर गाडीला घुंगरं बांधा, माझी ना नाही. गदगच्या मुळगुंद नाक्यावरचा राजेसाब मेस्त्री तोंडाचा फटकळ आहे म्हणतात, ते यामुळंच. म्हणू देत.

फकीरप्पा डंबळ आला तेव्हा मात्र माझा अंदाज चुकला. पन्नाशीचा माणूस, अंगात खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल. गाडी दीडशे सीसीची, कुणा हौशी पोराची वापरलेली. त्या पोरानं मागचा धरायचा दांडा कापून टाकला होता, साडीगार्ड उपटलं होतं, सीट मागून उंच आणि निमुळती करून घेतली होती. मागं मांजर बसलं तरी घसरावं अशी ती सीट.

फकीरप्पा गाडीभोवती फिरून ती मागची सीटच न्याहाळत राहिला. मी दुसऱ्या गाडीचा क्लच उघडून बसलो होतो. शेवटी मीच खेकसलो, "काय पाहिजे? की सावलीला आलायस?"

"मेस्त्री," तो म्हणाला, "मागं बसणाऱ्यासाठी आधी काय बदलायचं?"

हातातला पाना मी खाली ठेवला. हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. गाडी घेणारा प्रत्येक जण पुढच्या सीटवरून बोलतो.

"आधी टायर," मी म्हणालो. "मागं बसणारा पडतो तो टायरमुळं आणि चालवणाऱ्याच्या अकलेमुळं. टायर माझ्याकडं मिळतील."

हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही, मान हलवली. मग एकेक ठरलं. दोन्ही टायर नवे. ब्रेकचे शूज नवे. सपाट, रुंद, मऊ सीट. मागं धरायला दांडा, साडीगार्ड, आणि डाव्या बाजूला बायका पाय ठेवतात ती पट्टी, तिच्यावर नवीन रबर. त्याच्या स्वतःच्या पायाखालचं रबर झिजून लोखंड उघडं पडलं होतं. मी म्हटलं, हेही बदलू. "माझं राहू द्या," म्हणाला. हँडल वाकडं होतं. "माझं चालतंय." पुढचा दिवा काजव्याएवढा पेटत होता, तो मात्र मी दम देऊन बदलला.

शेवटी राहिला शॉकअप. मागच्या चाकावरच्या स्प्रिंगला पाच खाचा असतात. एकटा माणूस बसणार असेल तर दुसरी खाच, दोघं बसणार असतील तर चौथी. चौथीवर स्प्रिंग कडक होते, दोघांचं वजन पेलते, पण एकटा बसला तर प्रत्येक खडा कमरेला कळतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारतो, तसं त्यालाही विचारलं.

"सिंगल की डबल?"

"डबल."

"रोज डबल?"

"डबल करा की हो."

वयाकडं बघून मला थट्टा सुचली. "काय रे, या वयात लग्नाबिग्नाला उभा राहिलायस की काय?"

"झालंय," तो म्हणाला. तेवढंच.

डबल केलं की मागं बसून बघावं लागतं, ती माझी पद्धत. मी मागं बसलो, तो चालवायला लागला. वीसच्या वर काटा जाईना. नाल्याजवळ खड्डा आला तेव्हा त्यानं मान अर्धी वळवली आणि हळू आवाजात म्हणाला, "धर, खड्डा आहे." पुढं गतिरोधक आला. "धर, उंचवटा आहे." मी म्हटलं, "अरे बाबा, मला दिसतंय की. डोळे आहेत मला." त्याच्या कानात काही शिरलं नसावं. परत येईपर्यंत अकरा वेळा त्यानं मला धरायला सांगितलं. घरी बायकोला सांगितलं तर मेहबूबी म्हणाली, "तुमच्या मागं तीस वर्षं बसले, एकदा तरी सांगितलंत का खड्डा आलाय म्हणून?" मी जेवणाकडं लक्ष दिलं.

फकीरप्पा कप्पतगुड्डच्या डोंगरावर पवनचक्क्यांचा राखणदार होता. बारा तास तिथं तो, वारा आणि ती गरगरणारी पाती. खाली डंबळला एका खोलीत राहायचा. महिन्याला तेल बदलायला माझ्याकडं यायचा. पहिल्या महिन्यात मी बघितलं, मागच्या पट्टीचं रबर नवंकोरं. दुसऱ्या महिन्यात तसंच. सीटचा पुढचा भाग बसून खोल झाला होता, मागचा दुकानातल्यासारखा टरटरीत. मेस्त्रीला गाडी सगळं सांगते, माणूस बोलो न बोलो. मागं कुणीही बसत नव्हतं.

चौथ्या महिन्यात तो आला तेव्हा कमरेला हात लावून उतरला. डोंगराचा तो रस्ता, त्यात कडक स्प्रिंग. मला त्याचा रागही आला आणि दयाही. त्याला समोरच्या गाड्यावर मिरची भजी खायला पाठवलं आणि तेवढ्यात गपचूप दोन्ही बाजूंची स्प्रिंग दुसऱ्या खाचेवर आणली. सांगितलं नाही. चांगलंच केलं असं मला वाटत होतं.

तीन दिवसांनी दुपारी तो पुन्हा हजर. गाडी स्टँडला लावली, माझ्यासमोर उभा राहिला.

"मेस्त्री, गाडी मऊ झालीय."

"मग? बरं वाटत नाही?"

"बरं वाटतं," तो म्हणाला. "म्हणूनच आलो. तुम्ही ठरवलंत होय, ती येणार नाही म्हणून?"

तोंडाचा फटकळ मी, पण त्या दिवशी स्टूल पुढं सरकवण्यापलीकडं काही जमलं नाही. तो बसला, आणि मग बोलला. फकीरप्पा सलग इतकं बोललेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

त्याची बायको निंगव्वा. मूलबाळ नाही. बावीस वर्षांपूर्वी त्याच्याकडं आधीची एक जुनी गाडी होती. ती घेतली तेव्हा त्यानं पहिल्यांदा तीन सुरांचा हॉर्न बसवला होता, टायर तसेच ठेवून. भाचीच्या बारशाला दोघं नरेगलला निघाले. निंगव्वा एका अंगाला बसलेली, दोन्ही हातांत होळिग्यांचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, डबा. वाटेत गावाजवळ नवा गतिरोधक घातला होता. "मला दिसला होता," फकीरप्पा म्हणाला. "लांबून दिसला होता. सांगावं असं वाटलं नाही. आमच्या घरात कुणी काही सांगत नाही, मेस्त्री. आपलं आपण बघून घ्यायचं."

मागचं चाक उडालं, टायर घसरला, निंगव्वा रस्त्यावर पडली. मांडीचं हाड मोडलं. सहा महिने ती अंथरुणावर होती. सहा महिने यानं तिचं सगळं केलं. भाकरी थापल्या, तिला आंघोळ घातली, तिची लुगडी धुतली. पण चुकलं माझं, एवढं काही तोंडातून निघालं नाही. सातव्या महिन्यात ती काठी टेकत उठली आणि नरेगलला भावाकडं निघून गेली. जाताना म्हणाली, लाकडाबरोबर किती दिवस काढायचे?

"भांडली असती तर बरं झालं असतं," फकीरप्पा म्हणाला.

आता डोंगरावर नोकरी लागल्यापासून तो बोलायला शिकत होता. चढताना, उतरताना प्रत्येक खड्डा रिकाम्या सीटला सांगायचा. आणि दर दुसऱ्या रविवारी गाडी पुसून नरेगलला जायचा. मेहुणा टोमणे मारायचा, "आला बघ, रिकामी अंबारी घेऊन हत्ती." निंगव्वा चहा आणून ठेवायची, गाडीकडं बघायची नाही. तो चहा प्यायचा आणि परत यायचा. तिला बस म्हणून त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं.

"का नाही म्हटलंस?"

"गाडी बघून कळेल की तिला."

मी कपाळावर हात मारला. खड्डे सांगायला शिकलेला माणूस हे सांगायला शिकला नव्हता. पण त्या दिवशी मी त्याला काही सुनावलं नाही. हुक पाना घेतला आणि दोन्ही बाजू पुन्हा चौथ्या खाचेवर चढवल्या. मागं बसलोही नाही. ती जागा आता माझी वाटेना.

त्यानंतर दर महिन्याला गाडी आली की मी आधी मागच्या पट्टीकडं बघायचो. मेहबूबीसुद्धा विचारायला लागली, "त्या डोंगरवाल्याचं काय झालं?" एकदा तो म्हणाला, निंगव्वानं जाता जाता सीटवर हात ठेवून बघितला. मऊ आहे म्हणाली. ते सांगताना त्याचे कान लाल झाले होते. मलाच इतका आनंद झाला की त्या खेपेला त्याच्या पायाखालचं झिजलेलं रबर मी न विचारता बदललं.

मग श्रावण सरला, दसरा झाला, दिवाळीही गेली. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो आला. त्याचा येण्याचा दिवस नव्हता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला टॉवेल नाही. माझी नजर सवयीनं पट्टीवर गेली. रबरावर वाळलेली काळी माती होती. चपलेचा अर्धा ठसा.

माझा जीव भांड्यात पडला. "अरे, बसली की," मी म्हणालो. "आधी चहा सांगतो."

तो गाडीवरून उतरला आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"मेस्त्री, सिंगलवर करा."

चहा आला. तो प्यायला नाही. मग त्यानंच सांगितलं. निंगव्वाची तीच भाची आता मोठी झालेली, लग्न होऊन दावणगेरेला असते, नुकतीच बाळंत झाली. निंगव्वा तिच्याकडं निघाली होती. नुसती बाळंतपणापुरती नाही. कायमची. भाचीला माणूस हवं होतं, आणि भावाच्या घरात हिला आता नकोसं झालं होतं. हे कळल्यावर फकीरप्पा सुट्टी काढून सकाळीच नरेगलला गेला होता. तिची सकाळची बस चुकली. निंगव्वानं पिशवी उचलली, गाडीपाशी आली आणि म्हणाली, गदगच्या स्टँडवर सोडा मला.

"एका अंगाला बसली?"

"हो. पिशवी मी पुढं घेतली. तिचे हात मोकळे ठेवले." त्यानं मागच्या दांड्यावर हात ठेवला. "दांडा धरला होता तिनं. एकदा माझा खांदाही धरला."

नरेगलपासून गदगपर्यंत त्यानं प्रत्येक खड्डा सांगितला. खड्डा आहे. उंचवटा आहे. म्हशी आल्यात, थांबतोय. खडी आहे, हळू घेतो. ज्या गतिरोधकावर ती पडली होती तिथं त्यानं गाडी पूर्ण थांबवली, मागं वळून म्हणाला, इथं माझं चुकलं होतं. पुढं गेल्यावर ती एवढंच म्हणाली, गाडीला हिसका बसत नाही.

स्टँडवर दावणगेरेची बस लागलेली होती. त्यानं पिशवी वर चढवून दिली, खिडकीची जागा धरून दिली. मग खाली उभा राहून, आयुष्यात पहिल्यांदा, तो तिला म्हणाला, जाऊ नकोस, घरी चल.

निंगव्वा रडली म्हणे. डोळे पुसले आणि म्हणाली, "एवढं बोलता येत होतं तुम्हाला, तर तेव्हा का नाही बोललात?"

बस गेली.

मी हुक पाना हातात घेऊन बसलो होतो. पाना स्प्रिंगच्या खाचेला लागेचना. चाळीस वर्षांत हजार वेळा केलेलं काम. "राहू दे की चौथीवर," मी म्हणालो. "बाळ मोठं होईल, तिला तिथंही नकोसं होईल. येईल. माणूस येतो परत." मला ते खरं वाटत नव्हतं, पण गप्प बसवेना.

"नको," तो म्हणाला. "कंबर दुखते."

मी स्प्रिंग सैल केली. एक खाच, दोन खाचा. आधी डावी बाजू, मग उजवी. पट्टीवरची माती मी पुसली नाही, त्यानंही पुसली नाही. त्यानं सीटवर बसून गाडी दोनदा दाबून बघितली. मऊ झाली होती. पैसे विचारले तर मी शिवी हासडली, तेव्हा जरासा हसला.

गाडी सुरू करून तो निघाला. मी दारात उभा होतो. नाल्याजवळचा तो खड्डा अजून तसाच आहे, नगरपालिकेला कोण सांगणार. त्याच्या अलीकडं फकीरप्पानं वेग कमी केला, मान अर्धी मागं वळवली, आणि रिकाम्या सीटला सांगितलं, "धर, खड्डा आहे."