पडावातली को-पायलट

पडदा वर जातो तेव्हा समोर एक स्वयंपाकघर आहे. वेळ सकाळची. डावीकडे बेसिन, त्यात कालच्या, परवाच्या आणि देव जाणे कधीच्या कपबशा, आणि त्यांच्यावर करड्या पाण्याची साय. उजवीकडे फ्रिज. त्याच्या दारावर ‘दुसऱ्याचं दूध पिऊ नये’ अशी चिठ्ठी, आणि तिच्यावरूनच वाळलेला दुधाचा ओघळ. किटलीच्या कानाला वाळत घातलेले पुरुषी मोजे. मधोमध प्लास्टिकची खुर्ची, आणि तिच्यात, बॅगेवर पाय ताणून, बेसिनच्या नळाकडे टक लावून बसलेली माझी भाची. अंगात पांढरा शर्ट, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या.

मी दारातच थबकलो. गळक्या रंगपटांत तोंड रंगवण्यात माझा जन्म गेला. कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभं राहून मी राजाचा पोशाख चढवलेला आहे. घाण मला नवी नाही. पण इथं चपला काढायला वाकलेला मी तसाच राहिलो.

“चपला काढू नकोस हं मामा,” ती म्हणाली. “फरशी पाय धरते.”

या घराला सगळे पडाव म्हणतात. विमानतळाच्या भिंतीला चिकटलेल्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर, भाडेकरू सगळे पायलट. ज्या शहरातून ड्युटी सुरू होते त्याला हे लोक बेस म्हणतात. ज्यांचं घर एका शहरात आणि बेस दुसऱ्यात, त्यांच्यासाठी हा पडाव. बेड कुणाच्या मालकीचा नाही. रिकामा दिसला की आपली चादर घालायची, जाताना ओढून न्यायची. गादी मात्र तीच, आधीच्याच्या घामानं अजून कोमट. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते हेच.

घरात आम्ही तिला दांडगी म्हणतो. विमान चालवायला शिकली आणि मग तीन वर्षं दुसऱ्यांना शिकवत बसली, कारण पुरेसे तास हवेत काढल्याशिवाय कंपनी दारात उभं करत नाही. शिकाऊ पोरं शेजारी बसून ओकायची, ही पुसायची, आणि पुन्हा म्हणायची, “चला, परत वळवा.” अखेर छोट्या गावांना जाणाऱ्या छोट्या विमानांच्या कंपनीत लागली. मिळालेल्या बेसवर तिनं हौसेनं खोली घेतली, पडदे शिवले. पडदे लागेपर्यंत कंपनीनं तो बेसच बंद केला आणि हिला इकडे पाठवलं. आता हाही हलणार अशी कुजबुज आहे. जावईबापूंचं चष्म्याचं दुकान. ते काही चाकांवर नाही. म्हणून ती दर आठवड्याला घर ते बेस अशी उडत येते. कामासाठी नव्हे, कामावर पोचण्यासाठी!

काल मीही तिच्याबरोबर निघालो होतो. भाची चालवील त्या विमानात बसायचं, ही माझी म्हातारपणची हौस. आज दुपारचं विमान तिचं, आणि त्याचं तिकीट माझ्या खिशात. कालचा प्रवास मात्र वेगळा. माझ्याजवळ विकत घेतलेली जागा, मी पहिल्याच विमानानं आलो. तिला फुकट जागा, पण उरली तर. तिच्या डोळ्यांदेखत दोन विमानं भरून गेली. तिसऱ्यात पायलटच्या मागची घडीची खुर्ची मिळाली. तीही अशीच नाही मिळत. कॉकपिटच्या दारात उभं राहून विचारावं लागतं, “कॅप्टन, येऊ का तुमच्याबरोबर?” आणि त्यानं हो म्हणावं लागतं. संध्याकाळी ती उतरली तेव्हा चेहरा ओल्या पिठासारखा झाला होता. मी म्हटलं, माझ्या लॉजवर चल. तर म्हणे, “छे, पडावात माझा ऐसपैस बेड आहे.”

तो ऐसपैस बेड आता मी बघत होतो. प्लास्टिकचा.

“झोपलीस तरी का गं?”

“डुलकी काढली की.”

“खुर्चीत?”

“बेडवर आधीच वस्ती होती.”

“कुणाची?”

“ढेकणांची. मोठं एकत्र कुटुंब होतं मामा. म्हटलं, आगंतुक पाहुणी म्हणून कशाला जा.”

त्या वेळी बनियन आणि युनिफॉर्मची पँट अशा थाटात एक गृहस्थ आत आले. केस पिकलेले, हातात भाजलेला पाव. हे पडावातले सगळ्यांत जुने कॅप्टन. सगळे त्यांना दादा म्हणतात. दुपारच्या विमानाचे कॅप्टन तेच. पावाचा अर्धा तुकडा त्यांनी न विचारता दांडगीच्या हातात ठेवला. माणूस वाईट नव्हता. मोजे त्यांचेच होते.

“मामा ना तुम्ही? हिला सांगा, आम्हीही असेच शिकलो. पहिल्या वर्षी मी बाथटबमध्ये झोपायचो. नळ गळायचा, एवढंच.”

“आणि लोक तुमच्या भरवशावर आकाशात जातात!”

“लोकांना टोपी दिसते हो. मोजे कुठं दिसतात?” ते खो खो हसले. मला हसू येईना.

दांडगी पाव नुसता हातात धरून बसली होती. “दादा, ऑफिसला कळवू का? आज नाही जमणार म्हणून?”

दादांचं हसू ओसरलं. “वेड लागलंय का? तुझं पहिलं वर्ष आहे. थकले म्हणालीस की चौकशी. कुठं झोपलात, किती झोपलात, बेसजवळ घर का नाही. पहिल्या वर्षात काढून टाकायला त्यांना सबबही लागत नाही. मग बस नवऱ्याच्या दुकानात काचा पुसत. कळवायचंच तर पोट सांग. पोटाला कुणी खोदून विचारत नाही. नाहीतर चल माझ्याबरोबर. पाऊण तासाची उडी, विमान मी उडवीन.”

“आणि तुम्हांला काही झालं तर?” तिनं विचारलं.

“बरं, परीक्षा घेतो. पास झालीस तर मुकाट्यानं टोपी घालायची.”

परीक्षा म्हणजे काय, ते तिनंच मला एकदा सांगितलं होतं. विमान उडण्याआधी एकानं एकेक गोष्ट मोठ्यानं विचारायची, दुसऱ्यानं ती डोळ्यांनी बघून, हात लावून उत्तर द्यायचं.

“पार्किंग ब्रेक?” दादांनी पाव चावता चावता सुरुवात केली.

“लावलाय.”

“इंधन?”

“पुरेसं, पंप चालू.”

“फ्लॅप?”

“टेकऑफला सेट.”

“ट्रिम?”

“सेट.”

खणखणीत उत्तरं. आवाज सुरेख लागला होता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असता. पुढचं विचारायला दादांनी तोंड उघडलं आणि पावाचा कण घशात गेला. ठसका लागला. ते खोकत राहिले.

“मोकळे आहेत, तपासले,” दांडगी म्हणाली.

प्रश्न तर अजून आलाच नव्हता. रंगभूमीवर हे मी पाहिलेलं आहे. समोरचा नट वाक्य विसरतो, आणि झोपेनं पेंगुळलेली नटी न बोललेल्या वाक्याला उत्तर देऊन मोकळी होते. शब्द तोंडातून येतात; बाई घरी असते. तिथं प्रेक्षक हसतात आणि नाटक पुढं चालतं. इथं कोण हसणार?

दादा पाणी पिऊन सावरले. “शाब्बास. ठणठणीत आहेस. ऊठ.”

ती उठली नाही. नळावरची नजर तिनं हळूहळू सोडवून घेतली. “दादा, कंट्रोलचं तुम्ही विचारलंत?”

“कधी?”

“आत्ता.”

“नाही गं. मला ठसका लागला होता.”

“मी उत्तर दिलं.”

दादांनी पाव टेबलावर ठेवला. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्या किटलीवरच्या मोज्यांकडे. चीड आली होती ती त्यांची नव्हे. एवढी शिकलेली, गुणाची माणसं उकिरड्याशेजारी निजवायची, आणि वर झोप लागली नाही म्हणून त्यांचीच उलटतपासणी घ्यायची, या रीतीची मला किळस आली.

दांडगीनं फोन उचलला. “मामा, तुझं तिकीट…”

“चुलीत घाल ते तिकीट.”

तिनं नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडून ऑफिसातल्या बाईचा सराईत आवाज आला. दुपारचं विमान आपल्याला जमणार नाही, एवढं दांडगीनं सांगितलं.

“बरं मॅडम. कारण काय घालू? पोट घालते, चालेल? सगळे पोटच सांगतात.”

दादा वाकून कुजबुजले, “हो म्हण गं बाई. हो म्हण.”

दांडगीनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि फोनकडे तोंड केलं.

“पोट उत्तम आहे. झोप झालेली नाही. झोप लिहा.”