मधल्या काळातला माणूस

त्याचं नाव मी विचारलंच नाही. शिरूर कासारजवळच्या एका गावात एका ऊसतोड कामगाराच्या ओट्यावर मी त्याच्या शेजारी बसलो होतो. ऊसतोडणीची यंत्रं आल्यावर तोडणी कामगारांचं काय होईल, हे मी संगणकावर मागणी-पुरवठ्याच्या समतोलाचं गणित मांडून शोधत होतो. दिवाळीनंतर एरवी हे गाव ऊसतोडीला जाऊन रिकामं व्हायचं. यंदा कारखान्यांनी यंत्रं लावली आणि तोडणीच्या टोळ्यांना बोलावणंच आलं नव्हतं.

बोलता बोलता त्याचा डावा हात हवेत काहीतरी मुठीत धरायचा आणि उजवा खाली सपकन फिरायचा. हातात कोयता नव्हता. त्याला ते कळतही नसावं.

"गणितात शेवटी सगळं जुळतं," मी म्हणालो. "काम सुटलेला माणूस दुसऱ्या कामाला लागतो."

"किती दिसांत?"

"त्यात दिवस नसतात. यंत्राआधीचा समतोल आणि नंतरचा, एवढंच."

"मंग मदल्या काळात आमी कुठं ऱ्हातो?"

"तो काळ धरलेलाच नाही."

त्याचे हात थांबले.

"मंजी आत्ता आमी न्हाईच की, सायेब," तो शांतपणे म्हणाला.

मी गल्लीकडे पाहिलं. भर दुपारी दारादारांत माणसं बसली होती आणि कुणाचाच आवाज येत नव्हता. मी उठून सगळ्यांना रामराम घातला. एकानंही मान वर केली नाही.