चादरीची उलटी बाजू

जगातल्या प्रत्येक वस्तूची खरी बाजू म्हणजे तिची उलटी बाजू, सुलटी आपली लोकांना दाखवायला केलेली असते, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो नेमका आमच्या भिंतीपलीकडे राहतो. सोलापूरच्या पूर्व भागात चादरींच्या नक्षीचे कागद रंगवण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. चादर मागावरून उतरली की आधी उलटून बघायची, कारण सुटलेला धागा तिकडेच सापडतो, ही कारखान्यातली सवय. बाकीचे लोक ती संध्याकाळी कारखान्यातच ठेवून घरी जातात, मास्तर ती सोबत घेऊन आले. लग्नपत्रिका हातात पडली की ते आधी तिची मागची कोरी बाजू न्याहाळतात. कडक भाकरी उलटून पाहिल्याशिवाय मोडत नाहीत. एकदा कुठल्याशा समारंभात त्यांचा सत्कार झाला, तर पाहुण्यांनी पांघरलेली शाल त्यांनी तिथेच काढली, उलटली आणि काठाशी लोंबणारा धागा पाहुण्यांच्या नजरेला आणून दिला. मागे छातीत धडधडतं म्हणून दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं उत्तम आहे म्हणून कागद हातात दिला. मास्तरांनी तो उलटला आणि विचारलं, "इकडं काय लिवलं नाही ते?" काही लिहिण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या कोऱ्या बाजूचा घोर मास्तरांना पुढे कितीतरी दिवस होता, आणि भिंतीपलीकडे राहत असल्यामुळे मलाही.

माझा स्वभाव तसा तिखट. एकदा मी वैतागून म्हणाले, मास्तर, माणसं उलटून बघता येत नाहीत ते एक बरं आहे. त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "तीच तर काळजी हाय की, वैनी."

या माणसाच्या मांडीवर त्यांची नात वाढली. मुलगी आणि जावई त्यांच्याच घरात राहायचे, दोघंही नोकरीवर जायचे, आणि चिन्नी दिवसभर ताताजवळ. तेलुगूत आजोबांना ताता म्हणतात. नक्षीच्या कागदांची उरलेली चळत तिच्या पुढ्यात असायची आणि त्यावर ती रोज एकच चित्र काढायची. बाग. बागेत घराएवढं मांजर, त्याच्या शेपटीवर फुलपाखरू, हसऱ्या तोंडाची फुलं आणि कोपऱ्यात सूर्य. कुणालाही बघून बरं वाटावं असं चित्र. मास्तर मात्र ते बघून अस्वस्थ व्हायचे. मांजर फुलपाखराच्या इतक्या जवळ कसं, झडप घातली तर काय, असं त्यांनी विचारलं. पोट भरलंय त्याचं, असं चिन्नी म्हणाली आणि ताताची खात्री पटावी म्हणून तिने दुधाची वाटी काढली. मग फुलांना पाणी कोण घालतं हा प्रश्न निघाला, तेव्हा बादली आली. कोपऱ्यातला सूर्य सोलापूरचा, फुलं करपतील म्हणून मास्तर हळहळले, तर तिने एकेका फुलाला टोपी घातली. फुलपाखरासाठी छत्री आली, ती पावसाच्या काळजीने. असं करता करता त्या बागेत ताताच्या प्रत्येक चिंतेची सोय झाली. मास्तर ते कागद उलटून बघायचे आणि मागे मेणाच्या खडूचा डाग उमटला असेल तर त्याचीही चौकशी करायचे.

मग जावयाला परदेशात नोकरी लागली, बर्फाच्या मुलखात. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, आणि मास्तर पेढ्याचा कागद उलटसुलट करत माझ्या ओट्यावर येऊन बसले. तिकडे दिवस आणि रात्र आपल्या उलट असतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, पण त्यांना पोखरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. "तिकडं लहान पोरं येगळ्या खोलीत झोपतात म्हणं," ते म्हणाले. "आमची चिन्नी कशी झोपणार, वैनी?" मी हसण्यावारी न्यायला गेले, पण मला जमलं नाही. चिन्नी अंधाराला किती भिते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लाइट गेली की ती मिळेल तिथून ताताच्या अंगावर चढायची आणि लाइट आल्यावरही बराच वेळ उतरायची नाही.

शेवटी मास्तरांनी ठरवलं की तिची बाग तिच्यासोबत पाठवायची. चादर करून. कारखान्याच्या मालकांनी हसत परवानगी दिली, आणि मास्तरांनी ते चित्र चौकटीच्या कागदावर उतरवायला घेतलं. मांजराला पाच पाय होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नक्षीतल्या चुका काढणाऱ्या या माणसाने पाचवा पाय तसाच ठेवला, वाटीही ठेवली, टोप्याही. दोन चादरी निघाल्या, एक चिन्नीला आणि एक घरी ठेवायला. पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर गडद निळी बाग. मी हात लावून पाहिली आणि खरंच सांगते, माझे डोळे भरून आले. मास्तरांचे नव्हते आले. त्यांनी चादर उलटली होती.

आपल्या चादरीला नक्षी दोन्ही बाजूंनी असते, पण मागे रंगांची अदलाबदल होते. इकडे पिवळं ते तिकडे निळं, इकडे निळं ते तिकडे पिवळं. हे मास्तरांना माझ्याआधी पन्नास वर्षं ठाऊक होतं, पण नातीच्या नादात ते विसरले. उलट्या बाजूला सगळं आभाळ काळंनिळं झालं होतं. अंधाराला भिणाऱ्या पोरीसाठी त्यांनी अंगभर अंधार विणून आणला होता. मग अस्तर लावायचं ठरलं. मास्तरीणबाईंनी मशीनही उघडलं, पण मुलगी म्हणाली, सामानाला वजनाची मर्यादा आहे, अस्तराने चादर जड होईल. मास्तर चादर घेऊन किराणा दुकानात वजनाला गेले आणि पडल्या चेहऱ्याने परत आले. अस्तर राहिलं. निघायच्या दिवशी त्यांनी चिन्नीला जवळ घेऊन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, की पिवळी बाजूच वर घ्यायची, दुसरी कधी बघायची नाही. लहान मुलाला असं सांगितल्यावर काय होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी ते दारातच उभे होते.

नंतरचे दिवस मला आठवायला नकोत. मास्तरांनी वस्तू उलटणं सोडलं. भाकरी जशी ताटात पडेल तशी खायचे, आणि हे बघून मीच घाबरले. मग एका सकाळी त्यांनी मला घाईने हाक मारली. मोबाइलवर चिन्नी होती, तिच्याकडे रात्र झालेली, आणि तिच्या अंगावर चादर होती ती उलटी. काळी बाजू वर. मास्तरांनी फोन तोंडाजवळ नेला. पिवळी कर बाळा, पिवळी कर, असं ते म्हणत राहिले.

"ही रात्रीची बाग हाय, ताता," चिन्नी म्हणाली. "मांजर बघ की, कसं चमकतंय. ते जागं ऱ्हातंय, मग मी झोपते."

गडद आभाळात पाच पायांचं पिवळं मांजर खरोखरच दिवा लावल्यासारखं दिसत होतं. तिने चादर गळ्यापर्यंत ओढली आणि आम्हाला टाटा केला. फोन बंद झाला तसा मास्तरांनी मोबाइल उलटला, मागची बाजू पाहिली आणि पुन्हा खिशात ठेवला. मला हायसं वाटलं.

परवा दुपारी शेंगाचटणी द्यायला गेले होते. बाहेर रणरणतं ऊन, आणि मास्तरांच्या पलंगावर दुसरी चादर अंथरलेली, काळी बाजू वर. मास्तर, चादर उलटी पडली, मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच मला त्यांची चूक सापडली होती.

"उलटी न्हाई, वैनी," ते म्हणाले. "तिकडं आत्ता रात्र हाय की."

मी नेहमीप्रमाणे पलंगावर बसणार होते, पण खुर्ची ओढून बसले. मास्तरीणबाई चहा घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं अगदी हळू आवाजात बोलत होतो.