अप्पा पान तीसवर आहेत

माझे वडील गेल्या पावसाळ्यात वारले आणि या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा मासिक वाचायला सुरुवात केली.

हे वाक्य मी प्रथम कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला ऐकवलं, तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गरम होतं. पण एप्रिलात सेनगावात माठातलं पाणी सोडलं तर सगळंच गरम असतं, त्यामुळे त्यातून काही सिद्ध झालं नाही.

मुळापासून सांगतो. आमच्या घरी ‘झपाटा’ नावाचं भुताखेतांच्या चित्रकथांचं मासिक यायचं. वडील, म्हणजे अप्पा, तहसिलीत कारकून होते. दिवसभर सातबाऱ्यावरच्या मेलेल्या माणसांशी गाठ पडत असल्यामुळे घरी आल्यावर त्यांना जरा हालचाल करणारी भुतं बरी वाटत. आता अंक एक आणि घाई सगळ्यांनाच. त्यावर अप्पांनी जमिनीच्या वाटणीसारखा तोडगा काढला होता. अडकित्त्याच्या टोकाने पिना उपटायच्या, घडीवर सुरी फिरवायची आणि अंकाचे तीन हिस्से करायचे. पहिली पानं अप्पांची, मधली माझी. शेवटची पानं स्वयंपाकघरात आईकडे जायची. तिथे ती भाकरीखाली घालत असतील, अशी माझी समजूत होती. कारण आईने उभ्या जन्मात ‘झपाटा’ला ‘ते मढं’ याशिवाय दुसरं नाव दिलं नव्हतं. (“आलं का तुमचं मढं? आता जेवायला उठू नका दोघं बापलेक!”) मग दोन-चार दिवसांनी सगळी पानं गोळा व्हायची आणि अप्पा ती दाभणाने शिवून टाकायचे. शेवटच्या पानांवर हळदीची बोटं उठलेली असायची, त्याला इलाज नव्हता.

एकच गोष्ट मला खुपायची. मी माझ्या हिश्श्यात बाईला आडातून निम्मी वर आलेली बघतोय, तोच अप्पा पलीकडून शांतपणे म्हणायचे, “जावेनं ढकलली तिला.” आणि हमखास तसंच निघायचं! वाटणी करण्याआधी अप्पा शेवट चोरून वाचतात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अप्पा गेले. पुढे होळीच्या सुमाराला मासिकही गेलं. शेवटच्या छापील अंकात संपादकांनी लिहिलं होतं, की ‘झपाटा’ आता कागदाचा देह सोडून पडद्यावरून आपल्याशी बोलेल. भुतांच्या मासिकाने देह सोडावा, हे रीतीला धरूनच होतं. वर्गणी अप्पांच्या नावाची होती, ती शिल्लक होती. मी टॅबलेटवर ॲप घेतलं आणि त्याच वर्गणीत माझं नाव जोडलं.

कागदाची सवय जाता जात नाही. पहिल्या दिवशी मी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. पान उलटलं नाही, टॅबलेटच लडबडला. वास नाही, पिना नाहीत, वाटणी तर नाहीच. त्याऐवजी ‘सोबत’ नावाची एक सोय होती. एकट्याने वाचताना वाचकाला भीती वाटू नये म्हणून त्याच वर्गणीतला दुसरा माणूस कुठल्या पानावर आहे, ते खाली एका छोट्या कवटीशेजारी दिसायचं. मी म्हटलं, काय एकेक थेरं!

एका टळटळीत दुपारी मी ‘आडातली बाई’चा नवा भाग उघडला आणि खाली कवटी उमटली.

‘अप्पा पान तीसवर आहेत.’

अंक बत्तीस पानांचा होता. म्हणजे अप्पा आले ते थेट शेवटाकडे! मी बघत असतानाच आकडा बदलला. एकतीस. मग बराच वेळ काही नाही. मग बत्तीस.

“अहो, नेटचा घोळ असंल,” कुंदा म्हणाली. “तुमीच तर लोकाला सांगता, भूत न्हाई म्हणून.”

“भूत नाहीच आहे.”

“मग?”

“पण अप्पा आहेत ना!”

इथे माझी अडचण सांगायला हवी. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव ‘भूत नसतं’ असं सांगत फिरतो. येत्या रविवारी डोंगरकड्याला माझं व्याख्यान होतं. फलकावर नावाच्या आधी ‘निर्भय वक्ते’ असं छापलेलं होतं. आणि निर्भय वक्ते चार दिवस अप्पांच्या खोलीवरून जाताना भिंतीच्या कडेकडेने जात होते. रविवारपर्यंत या कवटीचा निकाल लागला नाही, तर मी त्या व्यासपीठावर कुठल्या तोंडाने उभा राहणार?

मी ॲपवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“सर, अप्पा रोज दुपारी बारानंतर ॲक्टिव्ह असतात.”

“अहो, ते वारले.”

“ओके सर.” कीबोर्ड वाजला. “मग त्यांना नवीन अंकाचे मेसेज पाठवणं बंद करू का? पण सर, ते प्रत्येक मेसेज उघडतात.”

मी नको म्हणालो. न जाणो, राग यायचा!

अप्पांचा मोबाइल मी माझ्या हाताने त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, स्वेटरखाली ठेवला होता. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर कुंदाला दारात उभं करून मी खोलीत गेलो. उन्हामुळे खिडक्या लावलेल्या, आत अंधार आणि अप्पांच्या तपकिरीचा वास. पेटी उघडली. फोन जागेवर होता. मी तो उचलला आणि तसाच खाली टाकला. तो कोमट होता. नुकताच कुणीतरी हातातून ठेवावा तसा. आणि पेटीत पावसाळ्यापासून पडलेल्या त्या फोनची बॅटरी भरलेली होती.

“काय झालं?” कुंदा दारातून म्हणाली.

“काही नाही. एप्रिल आहे.”

“मग तुमी काहून कापून राहिले?”

त्या रात्री ठरवलं, अप्पांचा नंबरच बंद करून टाकायचा. जेवताना तसं बोललो, तर आईच्या हातातला घास थांबला. “काहून? त्यो काय खायाला मागून राहिला का तुला?” एवढंच म्हणाली आणि पान सारून उठून गेली. मला वाटलं, आठवणीने गलबलली.

शनिवारी दुपारी टॅबलेट घेऊन मी पडवीत दबा धरून बसलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बारा वाजून गेले आणि कवटी उमटली. ‘अप्पा पान सतरावर आहेत.’ त्याच क्षणी आतून अप्पांच्या आरामखुर्चीची करकर ऐकू आली. मग जिभेने ‘चक्, चक्’. भूत चुकीचं वागलं की अप्पा असंच करायचे!

“कुंदा,” मी हलकेच म्हणालो, “तू पुढं हो.”

“मी? निर्भय कोण हाय, मी का तुमी?”

शेवटी मी हातात पहिलं सापडलं ते, म्हणजे अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक घेतलं आणि दार ढकललं. अंधारात दोन निळे गोल जमिनीपासून दोन हात वर तरंगत होते. ते अप्पांच्या चष्म्याचे होते. अप्पांच्या खुर्चीत, अप्पांच्या उंचीवर, अप्पांचा चष्मा माझ्याकडे वळला.

मी ओरडलो. (कुंदा म्हणते, शेजारच्या गल्लीतली म्हैस दावं तोडून गेली. ते खोटं आहे. ती नुसतीच उठून उभी राहिली.)

“काहून वरडून राहिला रे मेल्या?” चष्मा म्हणाला. “जीव गेला असता ना माझा!”

आई होती.

पुढचं सगळं तिने खुर्चीतून न उठता सांगितलं. अप्पांचा फोन ती अधूनमधून पेटीतून काढून चार्ज करून ठेवायची. त्यावर मेसेज आला होता, ‘अप्पा, नवा अंक तुमची वाट पाहतोय.’ “म्हणलं, कोणी इतकं वाट पाहून राहिलंय, तर उघडावं. लपवून वाचत व्हते, कारण तू म्हणला असता, आई बी मढ्याच्या नादी लागली.”

“पण तू तर कधी वाचायची नाहीस!”

“कोण म्हणलं? मव्हा हिस्सा नव्हता का? शेवटची पानं चुलीपाशी बसून म्याच वाचायचे. आन् रातच्याला त्यांना सांगायचे, कोण मेलं, कोणी मारलं. त्ये मंग तुझ्यापुढं शानपणा करायचे.”

मी खाली बसलो. जन्मभर अप्पांच्या अंतर्ज्ञानाचा धाक बाळगला, ते ज्ञान स्वयंपाकघरातून येत होतं. आणि भाकरीला हळद कुठून लागते, हा प्रश्न फिजिक्सच्या मास्तराला एकदाही पडला नव्हता!

“म्हणून तू शेवटापासून वाचतेस?”

“मंग? आधी मव्हा हिस्सा. आता तुव्हा वाचून राहिले. भूत मरतं कसं, त्ये मला समदं ठावं हाय. मधी काय करतं, त्ये आता कळून राहिलं.”

“आणि सुरुवात?”

आईने चष्मा काढून पदराने पुसला. “पैली पानं त्यांची. ती म्या न्हाई उघडत.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “नंबर बंद नको करू रे.”

नंबर बंद करण्याचा विषय तिथेच मिटला.

रविवारी डोंगरकड्याला मी आईलाही घेऊन गेलो. सोबत म्हणून नव्हे, तिला हवापालट म्हणून! अंधश्रद्धेवरच्या व्याख्यानाचं उद्घाटन रीतीप्रमाणे नारळ फोडून झालं. अध्यक्षांनी माझ्या धैर्यावर इतकं बोलून घेतलं, की मलाच माझ्याबद्दल आदर वाटू लागला. मी ठणकावून सांगितलं, की भीती वाटली तर कारण शोधा. उदाहरण म्हणून आमच्या कवटीचीच गोष्ट सांगितली (एका प्राध्यापकाच्या घरची म्हणून). लोक हसले. पुढच्या रांगेत बसलेली आई सगळ्यांत मोठ्याने हसली आणि शेजारणीला म्हणाली, “ह्योच वरडला व्हता.”

लोकांना ती कवटी दाखवावी, म्हणून मी टॅबलेट उघडला. आई समोर, हात मांडीवर. अप्पांचा फोन सेनगावात, खोलीला कुलूप, पेटीत, स्वेटरखाली.

‘अप्पा पान एकवर आहेत.’

मी बघत राहिलो. आकडा बदलला. दोन.

शास्त्रीय कारण मला लगेच सापडलं. डोंगरकड्याला रेंज कमी, जुनं काहीतरी उशिरा येऊन पोचलं असणार. फक्त आईने पहिली पानं कधी उघडलीच नव्हती, एवढी एक किरकोळ बाब त्यात बसत नव्हती. मी टॅबलेट पालथा घातला आणि भाषण आवरतं घेतलं. अध्यक्षांनी निर्भयतेबद्दल मला जाडजूड लोकरी शाल दिली.

भर एप्रिलात, दुपारच्या उन्हात, सत्काराची शाल खरोखरच अंगाभोवती घट्ट लपेटून घरापर्यंत गेलेला हिंगोली जिल्ह्यातला मी पहिलाच वक्ता असेन.